अठ्ठावीसचा कापूस

नांदगाव पेठेत औद्योगिक वसाहत झाली, कापडाचे कारखाने आले, तरी गावाच्या अंगाला कापसाची पऱ्हाटी अजून उभी असते. तिथले एक बापू. कास्तकार पक्के. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी झाली की त्यांच्या पुढच्या खोलीत कापूस पार छताला टेकायचा. कापूसही असा, की व्यापाऱ्यानं बोट लावून मान हलवावी.

पण बापूंना फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर उभ्या झाडांवरून मिळणाऱ्या कापसाचा, मोह सुटत नसे. कृषी खातं दरसाल सांगतं, डिसेंबर सरला की पऱ्हाटी उपटा, नाहीतर गुलाबी बोंडअळी तिथंच मुक्काम ठोकते. बापू मात्र गुपचूप एक पाणी द्यायचे आणि फेब्रुवारीपर्यंत हाती लागेल ते वेचायचे. त्या कापसाचा धागा आखूड, कच्चा, वर किडकी कवडी मिसळलेली. वेगळा विकावा तर कोणी विचारत नाही. मग रात्री एक थर चांगला, एक थर फरदडीचा, असं पसरून वरून तुडवायचं. याला बापू ‘सारखं करणं’ म्हणत.

जिनिंगमधला ग्रेडर जुना माणूस. गाडीतून नऊ ठिकाणचे पुंजके काढायचा, चिमटीत ओढून-ओढून तंतू सरळ करायचा, काळ्या कापडावर ठेवून पट्टी लावायचा. नवांची सरासरी काढायचा आणि चिठ्ठीवर एकच आकडा लिहायचा. बापूंच्या कापसाला २८ मिलिमीटर. शेजारच्या काकूंच्या कापसालाही २८. सरकारी वर्गवारीत २७.५ ते ३२ म्हणजे लांब धागा. दोघांना एकच भाव लागला.

काही दिवसांनी सूतगिरणीतून तक्रार आली. काही गठाणींचं सूत सारखं तुटतंय. काकूंच्या मालाची गठाण वेगळी बांधलेली होती, ती बिनबोभाट चालली होती. जिनिंगवाल्यानं बापूंना बोलावलं. सोबत त्यांची पोरगीही गेली. ती अमरावतीला बी.एस्सी. करते, विषय संख्याशास्त्र.

“माह्या चिठ्ठीवर अठ्ठावीस, वहिनीच्या चिठ्ठीवर अठ्ठावीस,” बापू तावातावानं म्हणाले. “मंग तक्रार माह्याच मालाची कायले?”

पोरीनं ग्रेडरची वही मागितली. चिठ्ठीवर एक आकडा असला तरी वहीत नऊच्या नऊ होते. तिनं फरशीवर खडूनं २४ पासून ३१ पर्यंत खुणा केल्या, कोपऱ्यातून मूठभर सरकी आणली, आणि दर पुंजक्यामागे एक सरकी त्या-त्या आकड्यावर ठेवत गेली. काकूंचे आकडे होते २६, २७, २७, २८, २८, २८, २९, २९, ३०. बैलाच्या वशिंडासारखा मधोमध एकच उंचवटा झाला. त्याखाली तिनं बापूंचे मांडले. २४ वर दोन सरक्या, २५ वर दोन. मग सारी फरशी मोकळी. पार पलीकडे ३० वर एक आणि ३१ वर चार.

“बाबा, याच्यातली अठ्ठावीसची सरकी दाखवा बरं.”

बापू वाकले. बराच वेळ पाहत राहिले. “सरासरी तं अठ्ठावीसच हाये ना?”

“हाये ना. पण अठ्ठावीसचा पुंजका एकबी नाही. काकूचं सगळं चारच्या फरकात हाये, तुमचं सातच्या. अन् मंधात एवढी खिंड. हे एक पीक नाही बाबा, दोन हायेत.”

बापू हार मानणारे नव्हते. ओळीनं लावले तर मधला, म्हणजे पाचवा पुंजका कोणता, तेही त्यांनी पोरीकडून वदवून घेतलं. काकूंचा पाचवा २८ चा, बापूंचा ३० चा निघाला. “पाहा! मधला धरला तं माहाच माल सरस!” आपल्या सोयीचा आकडा हुडकायला माणसाला कॉलेजात जावं लागत नाही.

ग्रेडर मात्र हसला. म्हणाला, गिरणीतल्या रुळाला ना तुमची सरासरी समजत, ना मधला. रुळांच्या दोन जोड्या असतात, मागची हळू फिरते, पुढची जोरात, त्या ओढीनं पेळू बारीक होत जातो. दोन्हींमधलं अंतर लांब तंतू पाहून ठेवावं लागतं. ३१ चा तंतू मागच्या रुळातून सुटतो न सुटतो तोच पुढच्यात सापडतो. २४ चा मध्येच मोकळा तरंगतो. मग सूत कुठं जाड होतं, कुठं बारीक, आणि बारीक जागी तुटतं.

बापू गप्प झाले, पण पटलं नव्हतं. पोरीनं मग हळूच विम्याचा विषय काढला. पीकविम्यात उत्पन्न ठरवताना एकेकाचं शेत मोजत नाहीत. महसूल मंडळात ठरावीक शेतांवर, किमान १० ठिकाणी, पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांची सरासरी भरपाईसाठी ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहतात. ही पद्धत देशात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा, १९४० च्या दशकातला. मुलखात धान्य किती पिकलं हे कळायला ती उत्तमच होती. एकट्या माणसाचं नुकसान तिच्यात दिसावं, ही अपेक्षाच वेगळी.

“बोंडअळीच्या साली आपलं शेत बुडालं अन् मंडळाची सरासरी चांगली निघाली,” पोरगी म्हणाली, “तवा तुमीच म्हणत होते ना, सरासरीनं माह्या घरात चूल पेटत नाही म्हणून?”

बापूंनी फरशीवरल्या त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. बोलले काहीच नाही.

पुढच्या हंगामात पुढच्या खोलीत चांगला कापूस आणि गोठ्याच्या ओसरीत फरदड, असे दोन ढीग राहिले. चांगल्याला चार पैसे जास्त मिळाले, फरदड मातीमोल गेली. एकूण हिशेब मागच्यापेक्षा फारसा वधारला नाही, हेही सांगायला हवं. त्यानंतरच्या सालापासून बापूंनी डिसेंबरातच पऱ्हाटी उपटायला घेतली.

ग्रामसभेत विम्याचा विषय निघाला तेव्हा कृषी सहायकानं मंडळाचं सरासरी उत्पन्न वाचून दाखवलं आणि कागद घडी करायला घेतला. बापू उठून उभे राहिले.

“साहेब, ते एक राहू द्या. प्रयोग झाले त्या साऱ्या शेतांचे आकडे वाचा. एक-एक.”

सहायकानं कागद पुन्हा उघडला. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, “थांबा जी, मी घरून सरकी आणतो.”