सांभाळ

परमार्थाआधी प्रपंच नेटका करायला सांगणारे समर्थ रामदास ज्या जांबेत जन्मले, ते गाव आपल्याच जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आहे. म्हणून सज्जनहो, प्रपंचातला सर्वांत नाजूक धर्म जो लेकराचा सांभाळ, त्याच्यापाशी आज थोडे थांबू या.

पती-पत्नी विभक्त झाले की या सांभाळाला ताबा आणि पोटगी अशी दोन नावे पडतात, आणि मूल काही दिवस इथे, काही दिवस तिथे राहू लागले की पोटगी देणारा विचारतो, निम्मे दिवस लेकरू माझ्याच ताटात जेवते, मग रक्कम निम्मी का नको? ब्रिटनमध्ये तर मुलाच्या रात्री मोजतात. वर्षाला ५२ रात्री ते देणाऱ्याकडे राहिले की रक्कम एक सप्तमांशाने उतरते, १७५ रात्री झाल्या की निम्म्याखाली येते. आपल्या कायद्यात असे कोष्टक नाही, न्यायाधीश गरज आणि ऐपत पाहून रक्कम ठरवतो, आणि मला हे बरेच वाटते.

कारण रात्री मोजल्या म्हणून सांभाळ मोजला जात नाही. मूल शनिवारी बापाकडे गेले म्हणून शाळेची फी, चष्म्याचा खर्च किंवा आईच्या खोलीचे भाडे शनिवारपुरते थांबत नाही. उलट दोन घरी दोन अंथरुणे, दोन जोड कपडे लागतात, म्हणजे वाटून घेतलेला सांभाळ महागच पडतो. मात्र जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात पाळी करून जो बाप आठवड्यातले तीन-चार दिवस लेकराला न्हाऊ-माखू घालतो, तापात उशाशी बसतो, त्याचा तो खर्च आणि ते जागरण हाही सांभाळच, आणि पोटगी ठरवताना तो जमेस न धरणे हा अधर्म होय.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मुलांच्या निर्वाहाचे कर्तव्य आई आणि बाप दोघांवर ठेवतो. पद्मजा शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नोकरदार आईबापांचा वाटा पगारांच्या प्रमाणात, दोनास एक, असा ठरवला. आणि महाराष्ट्रातूनच गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर उघड करण्याचा दंडक घातला. सांभाळाचा आरंभच असा सत्यापासून होतो, आणि परिस्थिती पालटली तर रक्कम बदलून मागण्याची वाटही कायद्याने खुली ठेवली आहे.

म्हणून पोटगी थकली की भेट अडवणारी आई आणि भेट हुकली की पोटगी रोखणारा बाप, दोघेही लेकराचाच हक्क गहाण ठेवतात. तडजोडीचा मसुदा लिहायला बसाल तेव्हा दिवसांची वाटणी मागाहून करा. आधी मुलाच्या वर्षभराच्या गरजा कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे कोण देणार, ते नाव लिहा.