अर्धा नव्हे, पूर्ण



3 नोव्हेंबरला आपण संत मार्टिन डी पोरेसचा सण साजरा करतो. हातात झाडू आणि पायाशी एकाच ताटलीत खाणारे कुत्रा, मांजर व उंदीर, असे त्याचे चित्र आपल्या परिचयाचे आहे. त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. 1579 साली पेरू देशातील लिमा शहरात, सान सेबास्तियन चर्चच्या नोंदवहीत, या बाळाच्या बापाच्या जागी 'अज्ञात' असे लिहिले गेले. प्रत्यक्षात बाप होता हुआन डी पोरेस, एक स्पॅनिश उमराव. आई आना वेलास्केझ ही गुलामीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. दोघांचे लग्न झालेले नव्हते आणि बाळाने रंग आईचा घेतला होता. पुढे बापाने मुलाला आपले म्हटले, पण सुरुवात झाली ती अशी.

मिश्र वंशाच्या माणसाला जन्मभर छळणारा प्रश्न त्या एका शब्दात दडलेला आहे : "तू नक्की कोणाचा?"

पंधराव्या वर्षी मार्टिन डॉमिनिकन मठात गेला. आफ्रिकी किंवा मूळ रहिवाशांचे रक्त असलेल्यांना पूर्ण व्रतस्थ होण्यास तिथे बंदी होती. म्हणून तो नोकर म्हणून राहिला. केर काढला, केस कापले, आजाऱ्यांची सेवा केली. मठातल्याच काहींनी त्याला 'कुत्रा' म्हणून हिणवले. 1603 साली त्याला व्रतस्थ बंधू म्हणून स्वीकारण्यात आले. 1962 साली पोप तेविसावे जॉन यांनी त्याला संतपद दिले आणि आज तो मिश्र वंशाच्या लोकांचा आश्रयदाता मानला जातो.

त्याच्याविषयी एक कथा सांगतात. मठावर कर्ज झाले तेव्हा मार्टिन मठाधिपतींना म्हणाला की मी एक गरीब मिश्र रक्ताचा माणूस, मला विका आणि कर्ज फेडा. प्रवचनांत आपण ही कथा नम्रतेचा नमुना म्हणून सांगतो. ती तशी आहेही. पण इथे जरा थांबायला हवे. नम्रता नेहमी सत्याला धरून असते, असे आपले तत्त्वचिंतक सांगत आले आहेत. मार्टिन इतरांपेक्षा हलका होता, हे सत्य नव्हते. म्हणून त्याची नम्रता स्वतःला हलके मानण्यात नसून दुसऱ्याची गरज स्वतःच्या आधी ठेवण्यात होती. ज्याला समाजाने खाली ढकलले, त्याच्या नम्रतेचे कौतुक ढकलणाऱ्यांनी करणे फार सोपे असते. नम्रता माणूस स्वतः देतो. दुसऱ्याने ती वसूल केली की तिचे नाव अन्याय.

हा अन्याय मठापुरता राहिला नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. मेक्सिकन वंशाची आंद्रेआ पेरेझ आणि कृष्णवर्णीय सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लग्नाचा परवाना नाकारण्यात आला, कारण कायद्याच्या लेखी मेक्सिकन माणूस 'गोरा' होता. दोघेही कॅथलिक. आमची ख्रिस्तसभा आम्हांला विवाहसंस्कार द्यायला तयार असताना सरकार आड कसे येते, असा युक्तिवाद त्यांच्या वतीने झाला. 1948 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती बंदी रद्द केली. संपूर्ण अमेरिकेतून अशी बंदी जायला 1967 साल उजाडले. जनगणनेच्या अर्जावर एकापेक्षा अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा तर तिथे 2000 साली प्रथमच मिळाली. त्या वर्षी सुमारे 68 लाख लोकांनी तशी खूण केली. तोवर त्यांना आई किंवा बाप यांपैकी एकालाच कागदावर आणता येत होते.

आपल्या देशाच्या राज्यघटनेतही 'अँग्लो-इंडियन' कोण, हे बापाच्या वंशावरून ठरते. केवळ आई युरोपीय असेल तर तेवढ्याने मूल त्या व्याख्येत बसत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक चुकीची कल्पना आहे. अशा मुलाला आपण सहज म्हणून जातो, "अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा." पण व्यक्ती म्हणजे दोन तुकड्यांची बेरीज नव्हे. मार्टिन आनाचा अर्धा मुलगा नव्हता. तो तिचा पूर्ण मुलगा होता आणि हुआनचाही पूर्ण मुलगा होता. प्रेमाच्या हिशेबात भागाकार नसतो.

यावर कोणी म्हणेल, "आम्ही भेद मानतच नाही, सगळी देवाचीच लेकरे. मग वंशाचा विषय कशाला?" बोलणे चांगले आहे. पण ज्याने हिणवणे सोसले आहे, त्याला कधी कधी त्यात "आता गप्प बस" असेच ऐकू येते. भेद न मानणे म्हणजे त्याची आई, तिची भाषा, तिचे दुःख पुसून टाकणे नव्हे. आपण कोण हे सांगण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी गेली आहेत. काहींनी तिथेच संसार थाटला आहे. सुट्टीत नातवंडे येतात, कोणाचे केस कुरळे, कोणाचा रंग वेगळा. मग कुजबुज सुरू होते : "हा कोणावर गेला?" कोणी लाडाने 'फिरंगी' म्हणतो, कोणी 'हबशी'. शेतात संकरित बी आपण पैसे मोजून आणतो, माणसांच्या बाबतीत मात्र 'संकर' हा शब्द शिवीसारखा वापरतो. मुलाला मराठी समजत नसेल, पण नजर समजते.

म्हणून आजी-आजोबांना आणि धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अशा मुलाला आधी त्याचे नाव विचारा. त्याला टोपणनाव देऊ नका. त्याच्या दोन्ही आज्यांविषयी, दोन्ही घरांविषयी त्याला बोलू द्या आणि मन लावून ऐका. "पण तू खरा कुठला?" हा प्रश्न मात्र त्याला विचारू नका. त्याने दिलेले पहिले उत्तर खरेच असते.