भरपाईचा किनारा

सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या कार्यक्रमात सेंटोसा बेट सहसा चुकत नाही. केबल कार, युनिव्हर्सल स्टुडिओ, मत्स्यालय, मुलांनी वाळूत घातलेला धुडगूस आणि परतताना कोणाच्या तरी तोंडून येणारा सवाल : आपल्या कोकणात हे का होत नाही? सवाल रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सिंगापूरला सुंदर किनारा लाभला आणि त्याने त्याचे सोने केले. प्रत्यक्षात तेथील बऱ्याच नैसर्गिक किनाऱ्यावर भराव, गोद्या आणि कारखाने आले. सेंटोसा ही त्या गमावलेल्या किनाऱ्याची भरपाई आहे, आणि कोकणने तिचा कित्ता गिरवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे.

हे बेट म्हणजे मूळचा ब्रिटिशांचा लष्करी तळ. सिलोसो किल्ल्यावर त्या काळच्या तोफा आजही पाहायला मिळतात. सैन्य गेल्यावर १९६०च्या दशकाच्या अखेरीस येथे एस्सो कंपनीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आणण्याचा विचार होता. नगररचनाकार अॅलन चो आणि डच अर्थसल्लागार आल्बर्ट विन्सेमियस यांनी बेट करमणुकीसाठी राखण्याचा आग्रह धरला. १९७२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. कोकणातल्या नाणार-बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे वाद पाहिलेल्या वाचकाला ही कथा सुखान्त वाटेल. पण प्रकल्प टळला नाही, फक्त हलला. तो पुलाउ आयेर चावान या दुसऱ्या बेटावर उभा राहिला, आणि पुढे ते व त्याच्या आसपासची बेटे भराव टाकून जोडून जुरॉंग हे रसायन-उद्योगांचे बेट तयार झाले. इकडे सेंटोसावर बाहेरून आणलेली वाळू पसरली गेली, लाटा अडवायला लहान कृत्रिम बेटे रचली गेली. बेटावरच्या पालावान किनाऱ्याच्या वाळूत बसलेल्या माणसाला समोर क्षितिजावर नांगरलेल्या मालवाहू जहाजांची रांग दिसते. जून २०२४ मध्ये पासिर पांजांग बंदरात एक ड्रेजर इंधन पुरवणाऱ्या जहाजावर आदळला, तेल सांडले आणि ते सेंटोसाच्या किनाऱ्यांवर येऊन पोहण्यावर बंदी घालावी लागली. भरपाई कितीही देखणी असली, तरी मूळ व्यवहार तिच्या दाराशीच असतो.

यावर कोणी म्हणेल, कृत्रिम असले म्हणून बिघडले कुठे? मुलांचा आनंद खराच असतो. हे मान्य करायलाच हवे. लाट अडवलेल्या उथळ पाण्यात लहान मूल निर्धास्त डुंबते, बेटावर फिरायला फुकट बस मिळते, आजी-आजोबांची पायपीट वाचते. अशा सोयींना नाके मुरडणे हा धडधाकट माणसाचा तोरा झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोकणातला तरुण पोटासाठी मुंबई गाठतो. निसर्ग बघून चूल पेटत नाही, मग असे बेट आपल्याकडे का नको? रोजगार हवाच. पण सेंटोसावरच्या पैशाचा एक मोठा झरा कॅसिनो आहे. २००५ मध्ये बऱ्याच वादानंतर त्याला परवानगी मिळाली आणि २०१० मध्ये थीम पार्कच्या शेजारीच तो सुरू झाला. परदेशी पाहुण्याला तेथे प्रवेश फुकट, तर सिंगापूरच्या नागरिकाला एका दिवसासाठी १५० डॉलर मोजावे लागतात. आपल्या माणसाला दूर ठेवून पाहुण्यांकडून कमावण्याचा हा हिशेब सरकारने उघडपणे मांडला आहे. त्याची किंमत न विचारता नुसता झगमगाट मागणे हा भाबडेपणा ठरेल.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याला सेंटोसाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे : निर्णय घेणारी एकच जबाबदार यंत्रणा, वेळेवर सुटणारी बस, स्वच्छ स्वच्छतागृह, किनाऱ्यावर जीवरक्षक. यातले काहीही करायला वाळू आयात करावी लागत नाही. सिंधुदुर्गातल्या तारकर्लीला आणि रत्नागिरीतल्या वेळासला किनारा आहे, माडाची सावली आहे, मासेमारी करणारी वस्ती आहे. ज्याच्याकडे मूळ शाबूत आहे, त्याने आधी ते सांभाळावे. भरपाईचा खर्च ते गमावणाऱ्यांनी करावा.