मात्रा चुकली तर दोष कुणाचा?

लहान मुलांच्या रुग्णालयात शिरेतून द्यायची औषधे तयार करणाऱ्या फार्मासिस्टचे काम बाळाच्या वजनापासून सुरू होते. मोठ्या माणसाला सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी असे सांगता येते. बाळाचे जवळजवळ प्रत्येक औषध किलोमागे मोजावे लागते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या 900 ग्रॅमच्या बाळाला एखादे औषध किलोमागे 10 मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर डोस होतो 9 मिलिग्रॅम. व्हायलमध्ये मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम औषध असेल, तर सिरिंजमध्ये ओढायचे 0.18 मिलिलिटर. चार थेंबही भरत नाहीत. दशांशचिन्ह एक घर सरकले की त्याचे 1.8 होतात, आणि तेही त्याच व्हायलमधून निघतात, त्याच दोन मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये मावतात. मोठ्या माणसाला दसपट डोस द्यायचा तर बहुधा एकामागून एक व्हायली फोडाव्या लागतील आणि तिसऱ्या-चौथ्या व्हायललाच हात थबकेल. बाळाच्या बाबतीत हाताला थबकायला निमित्तच मिळत नाही.

या कामाचे शिक्षण त्यामुळे लांबलचक आहे. अमेरिकेत फार्मसीतील डॉक्टरेटनंतर एक वर्ष रुग्णालयात निवासी प्रशिक्षण, मग दुसरे वर्ष खास बालरुग्णांसाठी, असा रिवाज आहे. बालऔषधशास्त्राची स्वतंत्र प्रमाणन परीक्षाही 2015 पासून घेतली जाते. भारतात फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम 2008 मध्ये सुरू झाला. मात्र गणित, रसायन आणि यकृत-मूत्रपिंडांची वाढ शिकवून संपली, तरी एक प्रश्न उरतोच आणि तो औषधशास्त्राचा नाही. कुणाचेही वाईट चिंतले नसताना आपल्या हातून एखादे मूल दगावले, तर तो दोष कुणाचा, आणि किती?

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर हेतूकडे बोट दाखवते. बौद्ध परंपरेत चेतनेलाच, म्हणजे मनातल्या संकल्पालाच कर्म म्हटले आहे. इमॅन्युएल कांटनेही 1785 च्या आपल्या ग्रंथात नैतिक मूल्य परिणामावरून न ठरवता संकल्पावरून ठरवले. न्यायालयातही खून आणि अपघाती मृत्यू यांत हेतूवरूनच फरक केला जातो. पण औषधाच्या खोलीत ही कसोटी बोथट होते. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. ज्याची बॅग बरोबर भरली त्याचाही, आणि ज्याची चुकली त्याचाही. जी गोष्ट सगळ्यांपाशी सारखीच आहे, तिच्यावरून कोण दोषी आणि कोण निर्दोष हे कसे ठरवणार?

2006 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात घडलेली घटना या व्यवसायात आजही शिकवली जाते. क्लीव्हलंडच्या एका बालरुग्णालयात एमिली जेरी ही दोन वर्षांची मुलगी कॅन्सरवर उपचार घेत होती आणि केमोथेरपीची शेवटची फेरी चालू होती. औषध ज्या सलाइनमध्ये मिसळायचे त्यात मिठाचे प्रमाण 0.9 टक्के असायला हवे होते. फार्मसी टेक्निशियनने बॅग भरली ती 23.4 टक्क्यांच्या तीव्र द्रावणाने, म्हणजे सव्वीसपट खारट. तपासणीची जबाबदारी असलेल्या फार्मासिस्टने ती बॅग पाहिली आणि मंजूर केली. मुलगी वाचली नाही.

नंतर औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने त्या दिवसाचा तपशील मांडला. सकाळी फार्मसीची संगणकयंत्रणा बंद पडली होती आणि काम तुंबले होते. माणसे कमी होती. फार्मासिस्टला जेवायलाही सवड मिळाली नव्हती. टेक्निशियनचे मन स्वतःच्या लग्नाच्या तयारीत गुंतले होते. औषध लवकर हवे म्हणून वॉर्डातून फोन आला, त्यामुळे घाई झाली. प्रत्यक्षात ते औषध पुढचे काही तास लागणारच नव्हते. यातली एकही गोष्ट असाधारण नाही, आणि त्या दिवसाचे भय इथेच आहे. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात असा दिवस येतोच. फार्मासिस्टचा परवाना रद्द झाला. 2009 मध्ये त्याने सदोष मनुष्यवधाच्या आरोपाला आव्हान दिले नाही आणि त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. बॅग भरणाऱ्या टेक्निशियनवर खटला झाला नाही.

तत्त्वज्ञानात या कोड्याला नैतिक दैव म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी 1976 मध्ये ते मांडले. दोन माणसे सारखाच निष्काळजीपणा करतात. एकाची चूक पुढच्या टप्प्यावर नर्सच्या लक्षात येते आणि बॅग परत येते, दुसऱ्याची येत नाही. पहिल्याला फार तर ताकीद मिळते, दुसरा तुरुंगात जातो. दोघांच्या मनात आणि हातात तिळाचाही फरक नव्हता. विल्यम्सच्या उदाहरणात एक ट्रकचालक आहे: त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या चाकाखाली येते. आपण त्याचे सांत्वन करू, पण त्याला काहीच वाटले नाही तर तो माणूस आपल्याला खटकेल. कृत्य आपले असणे आणि अपराध आपला असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, तरी पहिलीचेही ओझे असतेच, असे त्याचे म्हणणे.

महाभारताच्या अनुशासनपर्वाच्या आरंभीच हा प्रश्न येतो, आणि तोही एका मुलाच्या मृत्यूवरून. आप्तांच्या संहाराचा दोष स्वतःकडे घेणाऱ्या युधिष्ठिराला भीष्म गौतमी नावाच्या वृद्धेची कथा सांगतात. तिचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा व्याध साप बांधून आणतो आणि याला कसा मारू, असे विचारतो. त्याला मारून माझा मुलगा परत येणार नाही, असे म्हणून गौतमी नकार देते. साप म्हणतो, मी परतंत्र आहे, मृत्यूने पाठवले म्हणून दंश केला. मृत्यू येऊन काळाकडे बोट दाखवतो. शेवटी काळ सांगतो की, दोष आम्हा कुणाचाच नाही, मुलाचे कर्मच कारण. साप सुटतो.

रुग्णालयातील आजच्या चौकशीचा साचा याहून फारसा वेगळा नसतो: टेक्निशियनमागे कमी मनुष्यबळ, त्यामागे अंदाजपत्रक, त्यामागे व्यवस्थापन. गौतमीचे शहाणपण मान्य करूनही, व्याधाचा युक्तिवाद वाचक समजतात तितका अडाणी नाही. दुसऱ्याने पाठवले असले तरी विष तुझ्याच दातांतून गेले, तूही एक कारण आहेसच, असे तो सापाला सुनावतो. कारणांची साखळी मागे नेता नेता शेवटच्या कडीलाच सोडून द्यायचे, ही पळवाट त्याला मान्य नाही. शिवाय मुलाच्या पूर्वकर्मावर येऊन थांबणारे उत्तर आईला शांती देऊ शकते. फार्मासिस्टला ते उत्तर वापरण्याचा अधिकार नाही. त्याने ते एकदा स्वीकारले की पुढच्या बॅगेवरचे लेबल वाचायचे कारणच संपते.

फार्मासिस्टच्या कामाला जैन विचार अधिक जवळचा आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. कुंदकुंदांच्या प्रवचनसारात ती आणखी कडक होते: जीव मरो वा वाचो, बेसावध वागणाऱ्याच्या माथी हिंसा येतेच, जपून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली एखादा जीव गेला तरी त्याला तो बंध लागत नाही. नैतिक दैवाचे कोडे इथे बरेचसे सुटते. न वाचता मंजूर केलेली बॅग नर्सने अडवली, तरी ती मंजुरी तेवढीच दोषी राहते. उलट, 1959 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलमुळे नवजात बाळे राखाडी पडून दगावत असल्याचे लक्षात आले. त्यांचे कोवळे यकृत ते औषध बाहेर टाकू शकत नव्हते. त्याआधी ते देणाऱ्यांनी त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे काळजी घेतलीच होती. तिथे अज्ञान होते, प्रमाद नव्हता. मात्र 1959 नंतर तीच मात्रा देणाऱ्याला अज्ञानाची सबब उरली नाही.

सावधपणा म्हणजे मनाचा निर्धार, असे मात्र समजू नये. थकलेले मन जे अपेक्षित आहे तेच वाचते, 23.4 लिहिले असले तरी रोज पाहिलेले 0.9 त्याला दिसू शकते. म्हणून चांगल्या बालऔषध विभागात दुसरा फार्मासिस्ट पहिल्याचे उत्तर न पाहता मूळ वजन आणि मूळ आदेश घेऊन गणित नव्याने मांडतो. आकडा आधी दिसला की मन होकार द्यायला मोकळे होते, हे तिथे गृहीतच धरलेले असते. अपूर्णांकाआधी शून्य लिहायचे आणि पूर्णांकानंतर दशांश-शून्य लिहायचे नाही, कारण 1.0 मधला ठिपका पुसट झाला की 10 वाचले जाते. तीव्र क्षारद्रावणे रोजच्या सलाइनपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवायची. आपल्या हातून चूक होऊ शकते, हे हाडाच्या फार्मासिस्टला पाठ असते. अनुभव वाढला की ते विसरायला होते, आणि अनुभवी माणसाला दुसऱ्याची तपासणी अपमानास्पद वाटू लागते. तो अहंकार हाही प्रमादच.

ओहायोच्या प्रकरणात फार्मासिस्टने बॅग नीट तपासली नाही, हा दोष त्याचाच. पण तुरुंगवासाने त्या दोषाचे निवारण झाले असे म्हणता येत नाही. अशा शिक्षेच्या भीतीने माणसे चुका लपवू लागतात, आणि लपलेली चूक दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा होते. एमिलीच्या वडिलांनी त्या फार्मासिस्टला जाहीरपणे क्षमा केली आणि औषधसुरक्षेच्या प्रचारासाठी दोघे एका व्यासपीठावरही आले. 2009 मध्ये ओहायोत एमिलीच्या नावाने कायदा झाला आणि फार्मसी टेक्निशियनना पात्रता व परीक्षेची अट लागू झाली.

भारतात अनेक रुग्णालयांत शिरेतून द्यायचे औषध फार्मसीत तयार होतच नाही. वॉर्डातली नर्सच व्हायल फोडते, गणित करते आणि सलाइनमध्ये मिसळते. रात्रपाळीला तिचे गणित पडताळायला दुसरे कुणी नसते. अशा वॉर्डात बाळाची मात्रा चुकली तर चौकशी त्या नर्सपाशी सुरू करावी, पण तिच्यापाशी संपवू नये. रात्री दुसरा माणूस न नेमण्याच्या निर्णयावर ज्याची सही आहे, प्रमाद त्याचाही आहे.