बोटीवरची बॅग

बोटीवर जाणाऱ्याची बॅग भरायला घेतली की पहिली अडचण ही, की माणूस नेमका कुठे निघालाय ते कुणालाच सांगता येत नाही. जहाज कुठे गाठायचं एवढंच मॅनिंग ऑफिसातून कळलेलं असतं. आमच्या पुतण्याला यंदा फुजैरा आलंय. दुबईला उतरायचं, तिथून मोटारीने फुजैरा आणि मग किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभ्या असलेल्या टँकरवर लाँचने. पुढे टँकर कुठे वळेल ते माल आणि भाडं ठरवणार. आत्ता ऑगस्टात आखातातल्या इंजिनरूमचा पारा पंचेचाळिशी ओलांडेल, आणि त्याच कॉन्ट्रॅक्टात जानेवारीत बाल्टिक समुद्रात डेकवरचा बर्फ उपसायची वेळही येऊ शकते.

मग घरच्यांचा जीव स्वेटरांत अडकतो. वास्तविक ती काळजी जहाजाची. बॉयलर सूट, सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे, थंडीचं जाकीट हे सगळं कंपनी देते, मापं आधी मागवून घेते. अर्थात मागवलेलं माप आणि मिळालेलं माप यांचा संबंध असतोच असं नाही. बायका बोटीवर अधिकारी म्हणून जाऊ लागल्या त्यालाही आता काळ लोटला, तरी पुरुषी मापाचे बॉयलर सूट बाह्या दुमडून घालणाऱ्या मुली मी पाहिल्यात. फिरत्या यंत्राशेजारी लोंबती बाही म्हणजे हात जायचं निमित्त. साधनं अंगाला बसतील अशा मापाची हवीत, हे सागरी कामगार करारात स्पष्ट लिहून घ्यायला २०२२ची दुरुस्ती यावी लागली आणि ती अमलात आली २०२४च्या डिसेंबरात.

तर कपडे कमी. जहाजावर वॉशिंग मशिन असतं आणि मिरवायला जागा नसते. किनाऱ्यावर उतरायला दोन बरे जोड, केबिनमध्ये वापरायला टी-शर्ट, थर्मलचा एक संच. साबण, पेस्ट, ब्लेडं पहिल्या महिन्यापुरती पुरतात. पुढे कप्तानाचं बाँड स्टोअर, म्हणजे जहाजावरचं दुकान, असतं.

पण दोन गोष्टींत हात आखडता घ्यायचा नाही, हे मी इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवल्यावर ठामपणे सांगतो. रोजचं औषध आणि चष्मा. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर गोळ्या आठ महिन्यांच्या घ्याव्यात. जहाजावर औषधांचं कपाट असतं, बहुधा सेकंड ऑफिसरच्या ताब्यात, आणि ते चांगलं भरलेलं असतं. पण ते ताप, जखमा, भाजणं, पोटदुखी यांसाठी. तुमची थायरॉइडची गोळी त्यात मिळेल या भरवशावर समुद्र ओलांडू नये. सुटकेची तारीख कागदावर असते, पण रिलीव्हरचा, म्हणजे बदली येणाऱ्याचा, व्हिसा अडतो, जहाज बंदर बदलतं, आणि तारीख पुढे सरकते. २०२०मध्ये कोविडने देशांनी दारं लावून घेतली तेव्हा कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजावर अडकून पडलेल्यांचा आकडा चार लाखांच्या घरात गेल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. बारा महिने पुरे होण्याआधी माणसाला घरी पाठवावं असा दंडक असताना कित्येकांचं वर्ष पाण्यावरच उलटलं. त्यांना स्वेटर कमी पडले नसतील. गोळ्या कमी पडल्या.

चष्म्याचंही तेच. काच फुटली तर पुढच्या बंदरापर्यंत डोळे किलकिले करून प्रेशर गेज वाचायचे. म्हणून दुसरा जोड, आणि नंबरची चिठ्ठी. दाताचं काम तर बॅग उघडण्याआधीच उरकायचं. पॅसिफिकच्या मध्यावर ठणकणाऱ्या दाढेपुढे चांगले चांगले चीफ इंजिनियर लहान मुलासारखे होतात.

हे सगळं हातातल्या पिशवीत. सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, पासपोर्ट, परवाने, यलो फीव्हरचं कार्ड, कॉन्ट्रॅक्ट, औषधं, चष्मा आणि एक बदलायचा जोड. मोठी बॅग विमान कंपनीच्या हवाली केली की ती आपल्या आधी, आपल्यानंतर किंवा भलत्याच शहरी पोहोचू शकते. हॉटेलात उतरणाऱ्याची बॅग दोन दिवसांनी येते. जहाज तोवर बंगालच्या उपसागरात असतं.

मोठी बॅगही मऊ कापडी हवी, हे नवीन पोरांना पटत नाही. चाकांची टणक सूटकेस विमानतळावर रुबाबदार दिसते. नांगरावरच्या जहाजाशी लाँच लागते तेव्हा वरून दोरखंडाची शिडी सोडलेली असते. ही शिडी नऊ मीटरपेक्षा जास्त चढायला लावू नये, त्याहून उंची असेल तर जहाजाची तिरकी शिडी जोडीला लावावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण नऊ मीटर म्हणजे तीन मजले, आणि खाली लाँच वरखाली होत असते. चढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत. बॅग मागाहून दोरीला बांधून नाहीतर क्रेनच्या जाळ्यातून वर जाते, वाटेत जहाजाच्या कुशीवर आपटते. चाकं तिथेच जातात. शिवाय केबिनमध्ये रिकामी कापडी बॅग घडी करून बंकखाली सरकते. सूटकेस सहा महिने पायांत येते.

पूर्वी पेट्या असत. मुंबईत धोबी तलावाच्या आसपासच्या गोव्याच्या लोकांच्या कूडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या क्लबांमध्ये, भिंतीकडेने एकेका तारवट्याची, म्हणजे खलाशाची, पेटी मांडलेली असे. एका मोठ्या खोलीत सगळ्या गावाने राहायचं, तेव्हा माणसाची खासगी जागा म्हणजे ती पेटीच. काही कूड अजून चालू आहेत. त्या पेट्या पाहिल्या की आपल्या चेनवाल्या बॅगांचं कौतुक ओसरतं, मात्र ती पेटी दोरीवरून वर घ्यायला कुणी मला सांगू नये.

परवा आमच्याकडे बॅग भरणं चाललं होतं. वहिनींनी चिवडा, मेतकूट, लोणचं आणलं. लोणच्याची बरणी मी तीन पिशव्यांत घालून चिकटपट्टीने गुंडाळली; बोटीवरच्या मिश्र खलाशांच्या जेवणात गरम भातावर मेतकूट आणि लोणचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मग अनारशांचा डबा आला.

“वहिनी, अनारसे राहू द्या.”

“का हो? त्याला आवडतात.”

“आवडतात, पण वर खसखस आहे. दुबईत खसखस अमली पदार्थांत धरतात. विमानतळावर सापडली तर पोरगा जहाजाऐवजी पोलिसांकडे जाईल.”

वहिनी क्षणभर माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “अगंबाई, मग गोड्या मसाल्यातही आहे की!” आणि तळाशी गेलेला मसाल्याचा डबा उपसून काढला. दुसऱ्या दिवशी खसखशीवाचून मसाला झाला. खोकल्याचं औषधही मी तपासलं, कारण काहींत कोडीन असतं आणि तेही अमिरातीत परवानगीवाचून चालत नाही.

जाताना न्यायचं सगळं परत आणायचं नसतं, हेही त्याला सांगितलं. साइन ऑफ होताना माणसं किटली, जाड सपाता, उरलेली साबणाची पावडर, हँगर केबिनमध्ये ठेवून येतात. रिलीव्हर कोण, कुठल्या देशाचा, बघितलेलंही नसतं. पुतण्याला खणात काही ना काही सापडेलच, त्यामुळे किटली काढून टाकली. त्याने डंबेल्सचं विचारलं. मी म्हटलं, टँकरवर लोखंडाची टंचाई नाही.

जहाजाच्या माणसांना बऱ्याच विमान कंपन्या चाळीस किलो सामान नेऊ देतात. आमची बॅग काट्यावर एकतीस भरली, नि मी समाधानाने चेन लावली. वहिनींना मात्र त्यात अजून नऊ किलोंची जागा दिसते.