तेजोमेघ खरंच दिसला का?

जॉन डॉब्सन १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते दुर्बिणीचे आरसे करत आणि रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवत. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला, पण दुर्बिणी सुटल्या नाहीत. प्लायवूडच्या खोक्यावर फिरणारी त्यांची साधी बैठक आज जगभरचे हौशी लोक वापरतात.

अशा दुर्बिणीला डोळा लावला, की मृगातला मोठा तेजोमेघ करडा, हिरवट धुकं होऊन दिसतो. फोटोसाठी मात्र दुर्बिणीची आखणीच बदलते. कॅमेऱ्याचा सेन्सर नळीबाहेर बराच दूर बसतो, म्हणून मुख्य आरसा पुढे सरकवायचा आणि दुय्यम आरसा मोठा घ्यायचा. कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटू नयेत म्हणून कोमा करेक्टर बसवायचा. बैठकही पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षाभोवती फिरणारी हवी. मग अनेक फ्रेम एकावर एक रचल्या, की तेजोमेघ गुलाबी-लाल उमलतो.

हा लाल रंग दुर्बिणीला लावलेल्या डोळ्याला सहसा दिसलेला नसतो. मग हे प्रत्यक्ष की अनुमान?

भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्यायदर्शनाच्या मते इंद्रिय आणि वस्तू यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, प्रत्यक्ष ज्ञान होतं. सेन्सर हे काही इंद्रिय नव्हे. पण भारतीय दर्शनांत याहून उपयोगी पडणारा एक वाद आहे. ज्ञान खोटं ठरेपर्यंत स्वतःच प्रमाण असतं, असं मीमांसा दर्शनाचे अनुयायी मानतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, त्याचं प्रामाण्य बाहेरून तपासावं लागतं.

दुर्बीण घडवणारा माणूस नैयायिकच असावा लागतो. आरशाचा अन्वस्त आकार जमला की नाही, हे तो फूकोच्या चाचणीने पाहतो. अंधारात पातं हळूच किरणांच्या वाटेत सरकवलं, की आरशावर उंचवट्या-खळग्यांसारख्या सावल्या उमटतात आणि मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकही लपत नाही.

फोटोतही तीच शिस्त लागते. ठळक ताऱ्यांवर चार किरणांचा क्रॉस येतो, तो आकाशातला नसतो. दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पट्ट्यांमुळे प्रकाशाचं विवर्तन होऊन तो तयार होतो. नळी तिच्या अक्षाभोवती फिरवून पाहिली, तर ताऱ्यांच्या तुलनेत क्रॉस फिरतो, तेजोमेघाचा आकार मात्र तसाच राहतो. लाल रंगाचीही अशीच परीक्षा घेता येते. तो मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा; अंधारात आपला डोळा त्याला जवळजवळ आंधळा असतो, वर्णपटमापक मात्र तो स्वतंत्रपणे दाखवतो.

तरी एक पेच उरतोच. फ्रेम रचताना आडव्या गेलेल्या उपग्रहाची रेघ सॉफ्टवेअर पुसून टाकतं, आणि क्रॉस तसाच राहतो. म्हणजे त्या रात्री खरोखर आकाशात होतं ते गेलं, नव्हतं ते उरलं. म्हणून असा फोटो दाखवताना काय काढलं, काय ठेवलं हे सांगणं हा पाहण्याचाच भाग मानायला हवा.