आकडा आणि विचार

मटका खेळणारा विचार करीत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. १९६२ साली वरळीत सुरू झालेला हा खेळ आमच्या कळंब तालुक्यातही आला, आणि माणसे जुने चार्ट मांडून तासन् तास डोके चालवितात. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. दहाही लावले तरी रुपया गेलाच! परंतु लागलेला एक दिवस ध्यानात राहतो, बुडालेले विसरतात. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, असे तथागतांनी सिगालाला सांगितले. येथे तर त्याचे स्वतःचे मनच त्याला खोटी साक्ष देते.

परवा एका विद्यार्थिनीच्या वडिलांना हा हिशेब कागदावर मांडून दाखविला. तिच्या वह्या अजून आलेल्या नाहीत. ते म्हणाले, "पटलं गुरुजी. मग यातला आज कोणता येईल?"